तारीख बघायचीच असेल, तर नळीवरची बघा

‘प्रत्येक गृहिणीपर्यंत पोहोचवा’ असं शेवटी लिहिलेला एक मेसेज व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतोय. सोबत सिलिंडरच्या गळ्याशी असलेल्या पट्टीचा फोटो असतो. म्हणणं असं, की औषधासारखी सिलिंडरलाही एक्सपायरी डेट असते आणि ती उलटलेला सिलिंडर म्हणजे घरातला बॉम्ब. पुढे फुकटचे तीन सल्लेही असतात: वास आला की एक्झॉस्ट लावून वरची खिडकी उघडा, गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करा, आणि ज्योत पिवळी दिसली तर भेसळीची तक्रार करा.

आधी तारखेचं. पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात, हे खरं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. सी-२८ असेल तर सप्टेंबर २०२८. इथवर मेसेज बरोबर आहे. पण ही तारीख सिलिंडर मरण्याची नाही, त्याच्या पुढच्या तपासणीची आहे. नव्या सिलिंडरची पहिली तपासणी १० वर्षांनी होते, मग दर ५ वर्षांनी. तेव्हा त्यात पाणी भरून दर चौरस सेंटीमीटरला २५ किलोपर्यंत दाब देतात. स्वयंपाकघरातल्या तापमानाला आतल्या गॅसचा दाब याच्या निम्म्याहूनही कमी असतो. जो टिकला त्याच्यावर नवी तारीख पडते आणि तो पुन्हा घरोघर फिरू लागतो. नापास झालेला बाद होतो.

म्हणजे सप्टेंबर संपला म्हणून १ ऑक्टोबरला पोलादाला काही होत नाही. नियमाचा रोखही भरणाऱ्यावर आहे: तपासणीची मुदत उलटलेला सिलिंडर प्लांटमध्ये भरायचा नाही. तेव्हा दारात आलेल्या सिलिंडरवर मागची तारीख दिसली तर जरूर परत करा, तो तुमचा हक्क आहे. पण मुदतीत आलेला आणि ओट्याखाली असताना मुदत ओलांडलेला सिलिंडर बघून घर सोडून पळू नका.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. या मेसेजमुळे लोक वाकून सिलिंडरचं अक्षर वाचतात आणि दोन वितीवरच्या केशरी नळीकडे बघतही नाहीत. खरी मुदत तिला असते. आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची असते, आणि तडा दिसला, उंदराने कुरतडली किंवा शेगडीच्या मागे तापून कडक झाली तर त्याआधीच. तिच्यावर तारीख छापलेली असते. पण कित्येक घरांत ती भिंतीला टेकून, तेलकट थर चढून तशीच पडून असते. काही घरांत तर ‘घाण होते’ म्हणून तिच्यावर प्लास्टिकचं कव्हर घालतात, म्हणजे तडा गेला तरी दिसायला नको. घरातला गॅस बहुधा पोलादातून गळत नाही. तो नळीतून, झडपेतल्या छोट्या रबरी रिंगमधून किंवा दूध उतू जाऊन विझलेल्या बर्नरमधून येतो. नवा सिलिंडर आला की टोपी काढून झडपेवर पाण्याचे थेंब टाकायला सांगा, बुडबुडे आले तर घेऊ नका. नळीचे जोड साबणाच्या पाण्याने तपासा. काडी पेटवून तपासणारे महाभाग आजही आहेत.

वासाबद्दलचा सल्ला मात्र जीवघेणा आहे. एक्झॉस्टचं बटण दाबताना उडणारी बारीक ठिणगीही पुरते. चालू आहे ते चालू राहू द्या, बंद आहे ते बंद. ‘वरची खिडकी’ हे तर अर्धवट ज्ञान. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत आणि ओट्याखाली साचतो. त्यामुळे सगळी दारं-खिडक्या उघडायच्या. मुंबई-पुण्यात पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. मेसेज मात्र दोन्ही घरांत एकच पोहोचतो. शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर (पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरचा कॉक) बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरूनच फोन करा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. पाइपच्या गॅससाठी कंपनीचा आपत्कालीन क्रमांक बिलावर असतो, तो आजच फोनमध्ये घालून ठेवा.

सिलिंडर आडवा करणं ही काटकसर नव्हे. उभ्या सिलिंडरमध्ये वर वाफ आणि खाली द्रव असतो, शेगडीला फक्त वाफ हवी असते. आडवा केला की द्रवच नळीत घुसतो, आणि द्रवाची वाफ होताना ती अडीचशे पटींच्या घरात फुगते. तेवढ्या चहासाठी शेजारणीची शेगडी मागितलेली बरी.

पिवळी ज्योत बहुतेकदा भेसळीमुळे नसते, हवा कमी पडल्यामुळे असते. बर्नरची भोकं पिनेने साफ करा. तरीही भांड्यांची बुडं काळी पडत असतील तर मेकॅनिक बोलवा, कारण अर्धवट जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो.