‘संगीत शारदा’ बसवताय? मग एवढं कराच

परवा देवलांच्या या नाटकाच्या एका प्रयोगात म्हाताऱ्या नवरदेवाला, भुजंगनाथाला, टाळ्या मिळाल्या आणि त्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या शारदेला जांभया. असं घवघवीत यश तुम्हालाही हवं असेल, तर कृती सोपी आहे.

पदं ठेवा, गद्य कापा. कात्री आधी शारदेच्या बापावर, कांचनभटावर चालवा. बाप पोरीच्या लग्नात पैसे घेतोय हे दिसलं की पुढच्या रांगेला मळमळतं.

‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ला वन्समोर घ्याच. ‘दंताजीचे ठाणे उठले’ला बोळकं दाखवा, हशा हमखास. लय मात्र चढी ठेवा, नाहीतर शब्द ऐकू येतात. पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर आणि हे पद नवऱ्या मुलीची मैत्रीण म्हणतेय, हे कुणाच्या ध्यानात आलं तर रंगाचा बेरंग.

हे लग्न जुळवणाऱ्या भद्रेश्वर दीक्षिताला गमत्या करा. दलाल म्हटलं की मंडळी आपापले मध्यस्थ आठवू लागतात.

शारदेच्या आईला, इंदिराकाकूंना, फक्त डोळे पुसू द्या.

निवेदकाला सांगा, ‘या नाटकावरून बालविवाहाविरुद्धचा शारदा कायदा झाला’ असं ठोकून दे. नाटक १८९९चं, कायदा १९२९चा आणि नाव हरबिलास सारडांचं. पण विचारतंय कोण!

शेवट तर उरकूनच टाका. नाहीतर कुणाला दिसायचं की ते लग्न मोडतं कशावर. वराच्या वयावर? नाही. मुलीच्या नकारावर? तिला विचारलंय कुणी! मोडतं सगोत्रावर! ‘मूर्तिमंत भीती उभी’ म्हणून ती गळा फोडते, तेव्हा मांडवातलं एक माणूस हलत नाही. वर-वधूचं गोत्र एकच निघालं म्हटल्यावर मात्र सगळे खडबडून जागे. पुढे ती जीव द्यायला निघते, आणि कोदंड या तरुणाशी तिचं लग्न लागायलाही शंकराचार्यांचा निर्णय लागतो. देवलांनी हे इतकं उघडं लिहून ठेवलंय, आणि तुम्ही तिथे भैरवी लावून पडदा पाडता?

बास झाला सल्ला. ‘तो काळच तसा होता’ हे तर अजिबात ऐकवू नका. त्याच काळात बसून देवलांनी ते लिहिलं, आणि किर्लोस्कर मंडळीनं रंगमंचावर आणलं. भीती त्यांना वाटली नाही, तुम्हाला वाटते. लाजा धरा जरा! तो कांचनभटाचा प्रवेश परत घाला. आणि मैत्रीण गात असताना प्रकाश म्हाताऱ्यावर नको, शारदेच्या चेहऱ्यावर टाका.