‘फुकटचं तारण’ : एका फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा : “ख्रिस्ती धर्मात तारण फुकट मिळतं. आठवडाभर काहीही करा, रविवारी पाद्र्याला सांगा, खातं कोरं. मग चांगलं वागायचंच कशाला?”

“तारण फुकट मिळतं.” तारण म्हणजे पापातून सुटका. ती घेणाऱ्याला मोफत, हे अगदी खरं. येशूचा आद्य प्रचारक पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (6:23) दोन शब्द समोरासमोर ठेवतो : पापाचं वेतन मरण, देवाचं कृपादान सार्वकालिक जीवन. वेतनासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द सैनिकाच्या पगाराचा आहे. पगार कमवावा लागतो, दान कमवता येत नाही. पण मोफत म्हणजे बिनमोलाचं नव्हे. देणाऱ्याने क्रूसावर किंमत मोजली आहे. मराठीत घोटाळा आणखी वाढतो. तारण म्हटलं की पतसंस्था आठवते : आधी दागिने ठेवा, मग कर्ज. म्हणून ‘देवापुढे आपण काय ठेवायचं?’ हा प्रश्न मनात येतोच. शुभवर्तमानाचं उत्तर : काहीच नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला (रोम. 5:8). सुधारलेल्यांना बक्षीस, असा हा व्यवहार नाही.

“रविवारी सांगा, खातं कोरं.” प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाद्र्यापुढे कबुली देण्याची सक्तीच नाही. कॅथलिक प्रायश्चित्त संस्कारात नुसतं सांगणं पुरत नाही. पापाबद्दल मनापासून खेद हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, कबुली हवी आणि सांगितलेलं प्रायश्चित्त पार पाडायला हवं. निश्चयच नसेल तर धर्मगुरूने उच्चारलेली क्षमाही लागू होत नाही. चोरलेलं परत करावं लागतं, कुणाची बदनामी केली असेल तर त्याचं नाव शक्य तितकं सावरावं लागतं. क्षमा विकली जाते असा समज पसरू लागला, तेव्हाच तर जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1517 मध्ये 95 प्रबंध, म्हणजे चर्चेसाठीची छोटी विधानं, मांडले. त्यातला पहिलाच म्हणतो की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. आणि पश्चात्ताप म्हणजे नुसती हळहळ नव्हे. मूळ ग्रीक शब्दाचा रोख मन पालटण्यावर आहे. मराठी शब्दात ‘ताप’ राहिला, पालटणं निसटलं.

“मग चांगलं वागायचंच कशाला?” ही शंका पौलाच्याच काळातली आहे. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, असं तो स्वतःच विचारतो आणि ‘मुळीच नाही’ म्हणतो (रोम. 6:1-2). गफलत बहुधा इफिसकरांस पत्रामुळे होते. तारण कृपेने, कर्मांनी नाही, एवढंच (2:8-9) उद्धृत केलं जातं. दहावं वचन गळतं : सत्कर्मं करण्यासाठीच आपल्याला निर्माण केलं आहे. 1999 मध्ये आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी याच मुद्द्यावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. देव आपल्याला केवळ कृपेने स्वीकारतो, आपल्या पुण्याईने नाही. आणि तोच आत्मा देऊन आपल्याला सत्कर्मांसाठी सज्ज करतो, असं दोघांनी मिळून म्हटलं. क्रमच सगळं काही आहे. आधी कृपा, मग कर्म.

हा क्रम जक्कयाच्या प्रसंगात (लूक 19) स्पष्ट दिसतो. यरीहोतला हा मुख्य जकातदार लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशूला पाहायला तो झाडावर चढलेला असतो. येशू झाडाखाली थांबून त्याला म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. अट नाही, चौकशी नाही. लोक कुरकुरतात. मग जक्कय उभा राहून सांगतो : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. बायबलच्या जुन्या करारातल्या नियमाप्रमाणे (गणना 5:7), केलेलं पाप कबूल केल्यावर मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा असे. 1,000 लुबाडले असतील तर 1,200. जक्कय 4,000 द्यायला तयार होतो. येशूने पैशांचा विषयही काढला नव्हता.