मंदी कुठे दिसली? (‘हार्ड टाइम्स’वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर)

अनामिक, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: उघड्या मुठींच्या, पैजेच्या झुंजींवरच्या १९७५ च्या या सिनेमाला मी माझ्या लेखात उगाच १९३० च्या दशकातल्या अमेरिकन ‘मंदीचा सिनेमा’ म्हणून डोक्यावर घेतलं. ना भाकरीसाठीच्या रांगा, ना बंद बँका, उलट झुंजी ठरवणारा स्पीड (जेम्स कोबर्न) झकास सूट घालून गाडी उडवतोय. चार्ल्स ब्रॉन्सनच्या पात्राला, म्हणजे झुंजणाऱ्या चेनीला, भूतकाळ नाही, नायिका लूसी नावापुरती. राहते ती हाणामारी.

रांगा नाहीत, हे कबूल. पण पैसा बघा ना! न्यू ऑर्लिन्समध्ये रंगणाऱ्या या सिनेमाच्या सुरुवातीला चेनी मालगाडीतून उतरतो तेव्हा त्याच्याकडे जेमतेम सहा डॉलर आहेत आणि पहिल्या झुंजीवर तो तेच लावतो. काळ १९३३ चा. अमेरिकेतला चौथा हिस्सा कामगार बेकार आहे आणि मार्चमध्ये रूझवेल्टने देशभरातल्या बँकांना टाळं लावलंय. असा माणूस खिशातलं सगळं एका ठोशावर लावतो, तेव्हा मंदी दाखवायला वेगळी फलकबाजी कशाला? स्पीडचा सूटही उधारीवरच चालतो. जिंकलेलं तो फाशांवर घालवतो आणि सावकाराची माणसं दारात उभी राहतात.

खाजणातल्या झुंजीचा प्रसंग आठवा. चेनी जिंकतो, पण यजमान पिस्तुलाच्या जोरावर पैसे द्यायला नकार देतो. पुढे चेनी त्यांच्या गुत्त्यात घुसून, मोडतोड करून रक्कम वसूल करतो. तुम्हाला ती ‘हिरोगिरी’ वाटली. मला ती थकलेली मजुरी वाटते. काम केलं, दाम बुडवला, आता जाऊन आणायचा. मला तरी अख्ख्या सिनेमात त्याचा खरा राग दिसतो तो इथेच. रिंगणात तो रागावल्यासारखा वाटत नाही.

भूतकाळ नाही, हेही खरं, पण तो मुद्दाम वगळलाय. वॉल्टर हिलचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच सिनेमा, आणि पठ्ठ्याने नायकाला बोलूच दिलं नाही. भूतकाळ ब्रॉन्सनच्या चेहऱ्यावर आहे. पेनसिल्व्हेनियातल्या खाणकाम करणाऱ्या घरातलं ते पोर, पंधरा भावंडांतलं, स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेलं. टनामागे एक डॉलर मिळायचा, असं तो सांगत असे. पन्नाशी ओलांडलेला नट तरण्या गड्यांना लोळवतो यावर तुम्ही हसलात. मी नाही हसू शकलो.

सिनेमातली खरी पोकळ जागा मात्र तुमच्या हातून निसटली. उघड्या मुठीने, म्हणजे हातमोजे न घालता, कवटीवर ठोसे मारले तर आधी मोडतात ती हाताची हाडं. मुष्टियुद्धात हातमोजे आले ते समोरच्याच्या डोक्याच्या काळजीपोटी, असा सर्रास समज आहे, पण मोजा मुख्यतः मारणाऱ्याचा हात वाचवतो. म्हणून तर मोज्यांनंतर डोक्यावरचा मार वाढला. सिनेमातले गडी बिनदिक्कत एकमेकांच्या जबड्यांवर हाणतात आणि दुसऱ्या दिवशी कॉफीचा कप धरतात. हे विचारलं असतंत तर मी निरुत्तर झालो असतो.

न्यू ऑर्लिन्सला हा खेळ परका नाही, तेही जाता जाता सांगतो. जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन यांची उघड्या मुठींची शेवटची मोठी अजिंक्यपदाची झुंज ८ जुलै १८८९ ला मिसिसिपीत झाली. बेकायदा असल्यामुळे जागा गुप्त ठेवलेली, आणि प्रेक्षक न्यू ऑर्लिन्सहून खास गाड्यांनी नेलेले. ७५ फेऱ्या चालल्या! तीनच वर्षांनी, १८९२ मध्ये, याच शहरात मोजे घालून लढताना सलिव्हन कॉर्बेटकडून हरला. म्हणजे चेनी जे करतोय ते १९३३ मध्येही शिळं झालेलं होतं, गोदामांत आणि खाजणांत लपून चालणारं. उजेडातलं काम ज्यांना मिळत नाही ते तिथे जातात.

आणि शेवटच्या झुंजीसाठी शिकागोहून आणलेला चेनीचा प्रतिस्पर्धी, तो स्ट्रीट? मालक त्याच्या मुठीत धरायला लोखंडी तुकडे देऊ पाहतो आणि तो नाकारतो. तेवढ्या एका क्षणासाठी मी हा सिनेमा तीनदा पाहिलाय.

लूसीबद्दल मात्र तुमचं बरोबर. जिल आयर्लंड ही ब्रॉन्सनची खऱ्या आयुष्यातली बायको, पण इथे तिला दोन-चार प्रसंग आणि ‘तू पोटासाठी काय करतोस?’ छापाचे प्रश्न. मूळ लेखात मी तिच्यावर एक ओळही लिहिली नव्हती. ती चूक माझीच.