सुप्यात नाकं कापली नव्हती हो

मे महिना आला की एक पोस्ट फिरायला लागते. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर चार वेळा आली, शेवटची तर सख्ख्या मामानेच टाकली, म्हणून म्हटलं आता लिहायचंच. पोस्ट थोडक्यात अशी: 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची नाकं कापली, कित्येकांना ठार मारलं, हे बंड वासुदेव बळवंत फडक्यांनी पेटवलं, पोलीस बघत राहिले आणि त्या दिवसापासून सावकारी कायमची बंद. आणि खाली ठळक अक्षरात, "आजही हाच इलाज".

फडक्यांचं आधी उरकतो. त्यांचं बंड 1879 चं, 1875 ला ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. चार वर्षांचा फरक आहे मामा.

आता नाकं. हे सगळंच खोटं नाहीये, फक्त पत्ता चुकलाय. होन्या केंगले नावाचा महादेव कोळी समाजातला माणूस, 1873 पासून त्याची टोळी जुन्नर-अकोले बाजूच्या डोंगरात सावकार लुटायची आणि नाकं कापायची, तो 1876 ला सापडला. त्याच्याही आधी राघोजी भांगरे, ज्यांना 1848 ला ठाण्यात फाशी झाली, त्यांच्या टोळीच्याही अशाच कथा आहेत. पण ते सगळं डोंगरातलं, टोळ्यांचं. सुपं पडलं पठारावर, बारामतीकडं, आणि तिथं टोळी नव्हती तर भर बाजारातली साधी शेतकरी माणसं होती. पोस्टवाल्याने दोन्ही एकाच पातेल्यात ढवळलंय.

मग सुप्यात झालं काय? 12 मे 1875, बुधवार, बाजाराचा दिवस. जमावाने मारवाडी-गुजर सावकारांची घरं-दुकानं लुटली, पण खरी मागणी होती कागदाची. कर्जखतं काढा बाहेर. मिळाली की तिथंच होळी. खून एकही नाही. दुसऱ्या दिवशी केडगावात सावकाराचं घर जाळलं, मग हे लोण पुणे-नगरच्या तीसेक गावांत गेलं, पण सरकारने नेमलेल्या आयोगानेच नोंदवलंय की माणसांना गंभीर मारहाण फार थोड्या ठिकाणी झाली आणि कागद हातात पडले की लोक बहुतेक मागे फिरायचे.

कागदच का, हे कळल्याशिवाय 1875 कळतच नाही. 1859 ला सरकारने कायदा केला की कर्जखत तीनच वर्षं चालणार, म्हणजे व्याज साठत जाऊ नये. हेतू चांगला. सावकाराने काय करावं, दर तीन वर्षांनी नवं खत, त्यात जुनं व्याज मुद्दलात धरलेलं, त्यावर परत व्याज. शेतकऱ्याला वाचता येत नाही, तो सहीच्या जागी नांगराचं चित्र काढणार. मग कोर्टात दावा, शेतकरी हजरच नाही, एकतर्फी हुकूमनामा, जमीन गेली. त्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे भाव पडलेले आणि वर सरकारने सारा वाढवलेला. ज्या कागदाने जमीन जाते तो जाळायचा, इतका सरळ हिशोब होता तो.

आणि हो, याची सुरुवात मारहाणीने नाही, बहिष्काराने झाली, हे तर पोस्टमध्ये औषधालाही नाही. डिसेंबर 1874, शिरूर तालुक्यातलं करडे. एका सावकाराने कोर्टाच्या हुकुमावर देशमुखाचं घर पाडायला घेतलं. गावाने ठरवलं, याच्या दुकानातून काही घ्यायचं नाही, याचं शेत कसायचं नाही, पाणी भरायचं नाही, दाढीसुद्धा करायची नाही. शेवटी तो गाव सोडून शिरूरला गेला.

"पोलीस बघत राहिले". लष्कर आलं, सुमारे साडेनऊशे लोकांना अटक झाली आणि निम्म्याहून जास्त जणांना शिक्षा.

"सावकारी बंद". कुठली बंद! 1879 ला शेतकऱ्यांसाठी कायदा आला, कोर्टाने खतामागचा सगळा हिशोब उकरून बघायचा, कर्जासाठी तुरुंग नाही, चांगल्याच गोष्टी होत्या. सावकारांनी काय केलं, कर्जखत सोडून थेट खरेदीखत लिहून घ्यायला लागले. तो प्रकार अजून चालतो, आमच्याच भावकीत एकाचं दीड एकर असंच गेलंय, घेतले उसने पैसे आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. 2014 च्या सावकारी कायद्यात अशा जमिनीची चौकशी करून ती परत द्यायचा अधिकार जिल्हा उपनिबंधकाला आहे, पण अर्ज करायला कुणी जात नाही आणि पोस्ट मात्र सगळे पुढे ढकलतात.

राहिलं "आजही हाच इलाज". इथं मला जरा अवघड बोलायचंय. आयोगाच्या अहवालात अजून एक गोष्ट आहे, ज्या गावात ब्राह्मण वगैरे इतर जातींचे सावकारही होते तिथं बहुतेक वेळा फक्त मारवाड्यालाच धरलं. व्याज सगळेच घेत होते, पण तो बाहेरचा होता. आणि अफवा होतीच, विलायतेहून राणीचा हुकूम आलाय म्हणे, सावकारांकडून खतं काढून घ्या. असा हुकूम कुणी पाहिला नव्हता.

आणि अफवेवर उठलेला आजचा जमाव कसा असतो तेही बघा. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, 1 जुलै 2018. तिथंही बाजाराचाच दिवस होता. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे, मुलं पळवणारे म्हणून जमावाने धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथंच मारले. त्यांच्याकडे जाळण्यासारखा एकही कागद नव्हता. मामा, पोस्ट डिलीट केली तर बरं होईल.