डावी टाकी

शिडाची होडी घेताना बायकोला मी एकच मुद्दा पटवला होता: वाऱ्याला पैसे पडत नाहीत. त्यानंतरच्या तीन वर्षांत मी या होडीत जेवढं डिझेल ओतलं, तेवढ्यात एखादी रिक्षा मालवण-कणकवली फेऱ्या मारून निवृत्त झाली असती.

दोष वाऱ्याचाच. पावसाळा सरला की आपल्याकडे पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो. तो आंबोळी-चहाच्या वेळेपर्यंत दमतो. दुपारी खारा वारा येतो, तोही वायव्येकडून. मुंबई मालवणच्या उत्तरेला, म्हणजे हा वारा जवळजवळ तोंडावरच. वाऱ्याच्या तोंडात शीड घुसत नाही, नागमोडी जावं लागतं. नागमोडी गेलं की विजयदुर्गाचा तट तीनदा दिसतो आणि तिन्ही वेळा तेवढाच लांब असतो. मग माणूस मुकाट्यानं इंजिनाची किल्ली फिरवतो.

मालवण ते मुंबई समुद्रातून पावणेदोनशे सागरी मैलांच्या आसपास. ताशी पाच मैल धरले तर 35 तास, आणि माझं इंजिन तासाला दोन लिटर पितं. म्हणजे 70 लिटर. टाकी 40 लिटरची. उरलेलं डिझेल कॅनमधून न्यायचं. डेकवर सुंभानं बांधलेले कॅन दिसायला कसेही दिसोत, त्रास ओतताना होतो. एका हातात कॅन, दुसऱ्यात नरसाळं, आणि होडी डुलायला लागली की धरायला तिसरा हात, जो देवानं दिलेला नाही. गेल्या खेपेला जयगडच्या पुढे अर्धं डिझेल टाकीत गेलं नि अर्धं माझ्या लेंग्यात.

अशा वेळी माझी नजर पाण्याच्या टाक्यांवर गेली. डाव्या बाकाखाली 90 लिटर, उजव्या बाकाखाली 90 लिटर. दोन माणसांना 180 लिटर पाणी! समुद्रात काय आम्ही चादरी धुणार होतो? डावी टाकी डिझेलला द्यायची, असं मी ठरवून टाकलं.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं, पानाची पिंक टाकली आणि विचारलं, "वाऱ्यावर चलणाऱ्या होडयेक इतक्या डिझेल कित्याक व्हया?" हा प्रश्न बायकोसमोर विचारायचं काहीच कारण नव्हतं.

टाकी स्टेनलेस स्टीलची निघाली, हे नशीब. जस्ताचा मुलामा असता तर डिझेलशी त्याचं पटत नाही, गाळ धरतो आणि फिल्टर तुंबतो. पण झाकणाखालचं रबर पाण्याचं होतं. पहिल्यांदा डिझेल भरलं तेव्हा ते आठवड्याभरात भिजवलेल्या वालासारखं फुगलं. मग तेलाला टिकणारं नायट्राइल रबर आणलं. नळ्याही बदलल्या. मुंबईकडच्या एका मित्राचा सल्ला होता की नवी टाकी थेट इंजिनाला जोड. मिस्त्री नको म्हणाले. इंजिन ओढलेलं सगळं डिझेल जाळत नाही, उरलेलं परत पाठवतं. घेतलं एका टाकीतून आणि परत गेलं दुसरीत, तर दुसरी भरून वाहायला लागते. म्हणून छोटा पंप बसवून डाव्या टाकीतलं डिझेल इंजिनाच्या मूळ टाकीत ढकलायचं ठरलं. इथपर्यंत माझी मान अभिमानानं ताठ होती.

पहिल्या रात्री ती वाकली. पाण्याच्या टाकीची हवा जाणारी नळी बाकाखालीच उघडी सोडलेली असते, कारण पाण्याच्या वाफेनं कोणाचं काही बिघडत नाही. त्या बाकावर मी झोपलो होतो. पहाटे उठलो तेव्हा मला एस्टीच्या डेपोत असल्याची स्वप्नं पडून गेली होती. दुसऱ्या दिवशी नळी बाहेर काढली, तिचं तोंड बकाच्या मानेसारखं वळवलं आणि मी काम संपल्याचं जाहीर केलं.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको स्टीलचा पेला घेऊन वर आली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, चहाला इंद्रधनुष्य आलंय."

खरंच आलं होतं. दुधाच्या सायीवर जांभळा, हिरवा, पिवळा, सगळे रंग. फुंकर घातली की बाजूला व्हायचे आणि परत मध्ये यायचे.

फळ्या उचलल्यावर कळलं, दोन्ही टाक्यांना जोडणारी एक नळी खालून गेलेली होती. तिला कॉक होता, तो मी स्वतः बंद केला होता. मूठ फिरली होती, आतलं काहीच फिरलं नव्हतं. डिझेल थेंब थेंब उजवीकडे जात होतं. ते पाण्यावर तरंगतं आणि आम्ही पाणी तळातून उपसतो, म्हणून दोन दिवस चहा निर्धोक. साबण झाला, सोडा झाला, गरम पाणी झालं, बायकोनं चिंच-रिठाही घालून पाहिला. मिस्त्रींनी टाकीत नाक घालून एवढंच सांगितलं, "डिझेलचो वास एकदा बसलो काय बसलो."

मग उजवी टाकीही डिझेलला दिली. दुसरं करणार काय? आता आमची शिडाची होडी 220 लिटर डिझेल वाहते. हिशेबानं मुंबईला जाऊन, परत येऊन, पुन्हा मुंबईला जाता येतं.

मध्यंतरी पाहुण्यांना घेऊन सिंधुदुर्गावर गेलो. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. गाइड रंगात येऊन सांगत होता, महाराजांनी 1664 मध्ये किल्ल्याचं काम सुरू केलं, चहूबाजूंनी खारं पाणी, आणि मध्ये बघा गोड्या पाण्याच्या विहिरी! बायको विहिरीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

परवा धक्क्यावर मिस्त्री भेटले. होडीच्या डेकवर सुंभानं बांधलेले वीस-वीस लिटरचे चार कॅन बघून थबकले.

"ह्या काय? दोन टाकये केलव, तरी परत कॅन? आता ह्येंच्यात काय भरलास?"

"पाणी," मी म्हणालो.