डेर, डी, डास आणि उसने लोणी

श्टुटगार्टला येण्यापूर्वी मला जर्मन व्याकरणाची तिळमात्र भीती नव्हती. टेबलाला लिंग असतेच कसे, म्हणून वर्गातले इतर लोक कपाळाला हात लावत असताना, तो, ती, ते घेऊनच जन्मलेल्या मराठी माणसाला नामाच्या लिंगानुसार त्याआधी लागणारी डेर, डी, डास म्हणजे घरचेच कार्य, अशा थाटात मी पहिल्या बाकावर बसले.

बाईंनी जेवणापासूनच सुरुवात केली. चमचा तेवढा आपल्यासारखाच पुल्लिंगी राहिला. काटा स्त्रीलिंगी झाला आणि सुरी नपुंसकलिंगी. मुलगीही नपुंसकलिंगी, कारण 'मेड्शेन'मधला 'शेन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की मूळचे लिंग संपते. आपल्याकडेही लाडात पोरीचे पोरगे होतेच, म्हणून तेवढे मी पोटात घातले. पंचवीसला 'पाच आणि वीस' म्हणणाऱ्यांशी तर माझे क्षणात जमले. पण विभक्ती आल्या आणि स्त्रीलिंगी 'डी' चतुर्थीत सरळ पुरुषाचा 'डेर' चढवून हिंडू लागली. संकष्टीखेरीज दुसरी कुठली चतुर्थी माझ्या वाट्याला येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

खरी परीक्षा बेकरीत होती. एक ब्रेत्सेल (गाठ मारल्यासारखा खारा पाव) मागायची, तर 'एक'साठी 'आयनेन', 'आयने' की 'आयन', हे मागची रांग खाकरण्याच्या आत ठरवावे लागे. शेवटी मला शोध लागला, की दोन मागितले म्हणजे लिंगाची भानगडच उरत नाही. तेव्हापासून मी एकटी असूनही दोन ब्रेत्सेल, दोन पाव आणि दोन कॉफ्या घेऊ लागले. (बेकरीवाल्या बाई एकदा आपुलकीने "पती बरे आहेत ना?" असे विचारत्या झाल्या.)

एकदा लोणी संपले, म्हणून 'डी बुटर' असे जिन्यात सात वेळा घोकून शेजारच्या आजींचे दार वाजवले. त्यांनी लोणी दिले, पण "हा घ्या डेर बुटर" असे म्हणून. मी हादरले. दुसऱ्या दिवशी बाईंनी खुलासा केला, की इकडच्या श्वेबिश बोलीत लोणी पुल्लिंगी असते. परीक्षेत मात्र स्त्रीलिंगीच लिहावे. "चहा झाली गं" म्हणणाऱ्या माझ्या आजीला आम्ही सगळी नातवंडे हसायचो, ते आठवून मी गप्प राहिले.

उसने लोणी परत करायची वेळ आली, तेव्हा मी जोखीम घेतली नाही. अडीचशे ग्रॅमची दोन पाकिटे घेऊन गेले.