बाण डावीकडे का जातात: तुमच्या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय आणि सोबतचे फोटो नीट पाहिले. तुमच्या तक्रारी अशा आहेत: आमच्याकडून नेलेल्या 30 पाऊंडच्या (म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर) लाँगबोमधून, म्हणजे साध्या लांब धनुष्यातून, सगळे बाण डावीकडे जातात आणि सुटताना धनुष्यावर खटकन आपटतात, म्हणजे धनुष्यच वाकडं आहे. बाणाच्या शेपटाला लावायची आमच्या पाकिटातली पिसं दुसऱ्या दिवशी निघाली आणि एका पिसाने हात ओरबाडला. शिवाय तुम्ही 45 पाऊंडचं धनुष्य मागितलं, ते काउंटरवरच्या मुलाने दिलं नाही.

आधी हाताचं बोलू. लाँगबोमध्ये बाण जवळजवळ मुठीवरूनच जातो. पिसाच्या दांडीचं पुढचं टोक उभं राहिलं असेल तर ते कातडीत घुसतं, कधी कधी तुटून आतच राहतं. पीस चिकटवल्यावर ते टोक पॉलिश पेपरने उतरतं घासायचं, त्यावर दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे आणि वर गोंदाचा एक थेंब सोडायचा. तुमच्या फोटोत टोक तसंच मोकळं दिसतंय. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. हे कार्बनचे बाण धनुष्यावर आपटत होते, तर पुढचा बाण मारण्याआधी प्रत्येक बाण दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवा, फिरवून पुन्हा वाकवा आणि कान द्या. कडकड आवाज आला किंवा बारीकशी चीर दिसली तर तो बाण मोडून टाका. चिरलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याच्या काड्या हातात शिरतात. हे काम आजच करा, बाकीचं उत्तर सावकाश वाचलं तरी चालेल.

आता डावीकडे का, ते सांगतो. फोटोत बाणावर 340 हा आकडा स्पष्ट दिसतो. हे बाण तुम्ही ऑनलाइन घेतले असं तुम्हीच लिहिलं आहे. कार्बन बाणाचा हा आकडा म्हणजे स्पाईन, बाणाच्या कडकपणाचं माप. 28 इंच अंतरावरच्या दोन आधारांवर बाण ठेवून मधोमध 880 ग्रॅम वजन टांगलं, की तो जितका लवतो तितका त्याचा आकडा. 340 म्हणजे इंचाचा साधारण एक तृतीयांश, 1000 म्हणजे पूर्ण एक इंच. आकडा लहान तितका बाण कडक. 340 चा बाण साधारणपणे 60-70 पाऊंडच्या कंपाउंडसाठी, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या आधुनिक धनुष्यासाठी, घेतात.

तुमच्या धनुष्यावर 30 पाऊंड लिहिलंय ते 28 इंच ओढल्यावरचं. दुकानात मापलं तेव्हा तुमची ओढ 26 इंच भरली होती. इंचामागे दोन-अडीच पाऊंड कमी होतात, म्हणजे तुमच्या बोटांवर जेमतेम 25 पाऊंड येतात. लाँगबोमध्ये बाण धनुष्याच्या काठीच्या मधून जात नाही, बाजूने जातो. सुटताना त्याला वाकून, काठीला वळसा घालून, पाण्यातल्या मासोळीसारखं वळवळत पुढे सरळ व्हावं लागतं. 25 पाऊंडच्या धक्क्याने 340 चा बाण वाकतच नाही. तो काठीवर आपटतो आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे फेकला जातो. तुमच्या बाबतीत हेच झालं आहे. सुरुवातीला त्याच बाणांवर प्लॅस्टिकची पिसं होती, तीही न दबता काठीला धडकत होती. खरी पिसं दबून निघून जातात, म्हणून अशा धनुष्याला तीच लावतात.

2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी सुवर्णपदकं आणली, तेव्हापासून धनुर्विद्येकडे बघायची लोकांची नजर बदलली, आणि याचा आम्हाला फार अभिमान आहे. पण ते दोघं कंपाउंड मारतात. त्यात बाण मध्यरेषेवर टेकतो, दोरी बोटांनी नव्हे तर रिलीझने, म्हणजे हातात धरायच्या खटक्याने, सुटते, त्यामुळे कडक बाण चालतो. तिथला बाण पाहून लाँगबोसाठी घेऊ नका, एवढंच.

तुमच्या ओढीला कार्बनचा 800 ते 1000 च्या दरम्यानचा शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, लागेल. माझा आग्रह असा, की तो 800 चा घ्या, अजिबात कापू नका, टोकाला 125 ग्रेनचा, म्हणजे साधारण आठ ग्रॅमचा पॉइंट लावा. लांब बाण आणि जड टोक यांनी बाण नरम वागतो. ओढ पक्की झाली की मग अर्धा अर्धा इंच कापत कडक करता येतो. एकदा आखूड केलेला बाण मात्र परत लांब होत नाही, आणि नवख्याची ओढ पहिल्या काही महिन्यांत बदलतेच. लाकडी बाण हवे असतील तर 25-30 पाऊंड स्पाईनचे मागा. लाकडाची मोजणी वेगळी असते, तिथे आकडा मोठा तितका बाण कडक, कार्बनच्या बरोबर उलट. या गोंधळात पुष्कळांचे पैसे वाया जातात.

पिसं निघाली कारण जुन्या प्लॅस्टिकचा गोंद शाफ्टवर तसाच होता, फोटोत त्याच्या रेषा दिसतात. तो खरवडून काढा, बारीक पॉलिश पेपर फिरवा, स्पिरिटने पुसा आणि नंतर तिथे बोट लावू नका. तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची असावीत. डाव्या पंखाची की उजव्या, याने फरक पडत नाही, मिसळली की मात्र बाण भरकटतो. वेगळ्या रंगाचं पीस काठीपासून बाहेरच्या बाजूला ठेवा.

45 पाऊंडबद्दल मुलाच्या बोलण्याने वाईट वाटलं असेल, तर त्याच्याशी बोलेन. पण मी काउंटरवर असतो तरी तेच सांगितलं असतं. पहिल्याच दिवशी ओढायला जड धनुष्य घेणारा खांदा दुखवून घेतो, ओढ अर्धवट ठेवतो आणि चार महिन्यांत धनुष्य भिंतीला टांगतो. 30 पाऊंडवर दोन तास न थरथरता मारता यायला लागलं की या, फरक भरून धनुष्य बदलून देऊ.

सध्या धनुष्य घेऊन दुकानी या, सोबत बाण पण आणा. काठी सरळ आहे की वाकडी ते तुमच्यासमोर दोरी चढवून बघू, वाकडी निघाली तर नवं धनुष्य देऊ. आमच्याकडे 700, 800, 900 आणि 1000 चे चाचणीचे बाण ठेवलेले असतात, ते दुकानामागच्या सरावाच्या पट्ट्यात दहा मीटरवरून मारून बघा, त्याचे पैसे लागत नाहीत. एका बाणावरून ठरवू नका, निदान तीन फेऱ्या मारा. पिसं नीट जागेवर धरून चिकटवायचं साधन, म्हणजे जिग, तेही तिथेच आहे, पहिला बाण आपण मिळून तयार करू. सोमवारी दुकान बंद असतं.